एसपीएन १५७ एफएमआय ० : रेल प्रेशर जास्त दाखवतंय, पंप उतरवायचा का?

टिपर_दहाचाकी
गाडी दहा चाकी टिपर, बीएस-४, सहा सिलिंडर, ५.९ लिटरचं कॉमन रेल इंजिन, सीपी-३ जातीचा पंप. घाट उतरताना रेस सोडून एक्झॉस्ट ब्रेक लावला की चेक लाइट लागतो. स्कॅनरवर एसपीएन (दोष कुठल्या भागात ते सांगणारा नंबर) १५७ एफएमआय (दोष कुठल्या प्रकारचा ते सांगणारा नंबर) ०, कधी कधी त्याच्या आधी एफएमआय १६. त्यानंतर पिकअप मरतो, गाडी लिंपमध्ये (ताकद मुद्दाम कमी केलेला मोड). बंद करून चावी फिरवली की पुन्हा ठीक. भरलेली गाडी चढावर ओढताना मात्र एकदाही येत नाही. दोन्ही डिझेल फिल्टर नवीन. पंपवाला म्हणतो पंप उतरवून बेंचवर लावा. उतरवण्याआधी काय काय आणि कुठल्या क्रमाने तपासावं?

पाना_चौदा
पंपाला हात लावू नका. तुम्ही शेवटी लिहिलेलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे: चढावर येत नाही, उतारावर येतो. त्यावर नंतर येतो, आधी कोड नीट वाचू.

१५७ म्हणजे रेलमधलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतलं प्रेशर. ९४ म्हणजे फिल्टरकडचं, लो प्रेशर लाइनचं. बरेच जण दोन्ही 'फ्युएल प्रेशर' म्हणून एकच समजतात आणि ९४ च्या कोडला रेलचा सेन्सर बदलून मोकळे होतात. मग एफएमआय. ० म्हणजे प्रेशर मर्यादेच्या फार वर, १६ म्हणजे वर पण मध्यम. ३ आणि ४ आले असते तर तो व्होल्टेजचा, म्हणजे सेन्सर किंवा वायरिंगचा दोष. १८ किंवा १ म्हणजे प्रेशर कमी. तुमच्याकडे ० आणि १६ आहे, ३ नाही. म्हणजे ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) मते सेन्सरचा सिग्नल खरा आहे आणि त्यात दिसणारं प्रेशर खरंच जास्त आहे. ईसीयूचं मत चुकू शकतं, पण सुरुवात तिथून.

घाटमाथा
आणि मालकाचं प्रेशर जास्त झालं तर त्याला कुठला रिलीफ व्हॉल्व्ह असतो तेही सांगून ठेवा.

पाना_चौदा
त्याची रिटर्न लाइन कायमची जाम असते.

मल्टीमीटर
सेन्सरचा संशय आधी बाद करा, दहा मिनिटांचं काम आहे. तीन पिनचा कपलर: ५ व्होल्ट सप्लाय, ग्राउंड, सिग्नल. इंजिन बंद करून किमान दहा मिनिटं थांबा, रेल रिकामी होऊ द्या. मग चावी ऑन, इंजिन बंद. कपलर लावलेलाच ठेवून मागून पिन टोचून सिग्नल मोजा. ०.५ व्होल्टच्या आसपास यायला हवा.

सेन्सर सरळ रेषेत चालतो, ० बारला ०.५ आणि पूर्ण रेंजला ४.५ व्होल्ट. समजा १८०० बारचा सेन्सर आहे. ४ व्होल्टमध्ये १८०० बार, म्हणजे एक व्होल्टला ४५० बार. तेव्हा ०.५ च्या जागी ०.७ आला तर ईसीयूला बंद इंजिनात ९० बार दिसतात. स्कॅनरवर रेल प्रेशर ० ते २०-३० दिसत असेल तर चालेल, ९० दिसलं तर सेन्सर किंवा ग्राउंड.

ग्राउंडचं फार लोक बघतच नाहीत. सेन्सरच्या ग्राउंड पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा, चावी ऑन ठेवून. ०.१ च्या वर गेलं तर पिन खराब झाली आहे किंवा वायर आतून गंजली आहे. ग्राउंड वर उचललं की सिग्नलही तेवढाच वर जातो आणि खोटं जास्त प्रेशर दिसतं. कपलर काढल्यावर पिनांवर काळपट भुकटी दिसली तर तीच खूण.

लोडसेल
@मल्टीमीटर, पद्धत बरोबर, पण या गाडीला ती लागू होईल असं वाटत नाही. सेन्सर खोटं जास्त दाखवत असेल तर ईसीयू काय करेल? मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा) बंद करत नेईल. खरं प्रेशर कमी पडेल. म्हणजे सेल्फ जास्त मारावा लागेल, चढावर गाडी पकडणार नाही, धूर येईल. इथे उलट आहे, चढावर गाडी खणखणीत ओढते. खरं प्रेशर जास्त असेल तर इंजिनाचा आवाज कडक होतो, ठोकल्यासारखा. टिपरवाले, कोड यायच्या आधी आवाज बदलतो का?

टिपर_दहाचाकी
हो, दोन-तीन सेकंद खडखडतं आणि मग एकदम मऊ पडतं.

लोडसेल
मग झालं. खडखडणं म्हणजे प्रेशर खरंच चढलं, मऊ पडणं म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह उघडला. या पंपांच्या रेलवर दोन टप्प्यांचा मेकॅनिकल व्हॉल्व्ह असतो. एकदा उघडला की रेल रिकामी करत नाही, ७००-८०० बारच्या आसपास धरून ठेवतो, म्हणजे गाडी रस्त्याच्या कडेला तरी नेता येते. इंजिन बंद होऊन प्रेशर उतरेपर्यंत तो पूर्ण बसत नाही. म्हणूनच तुम्हाला चावी फिरवल्यावर गाडी ठीक वाटते.

तरी मल्टीमीटरनी सांगितलेलं मोजाच. दहा मिनिटांत एक फांदी छाटली जाते.

सूक्ष्म_मापी
आता मीटरिंग व्हॉल्व्ह. सीपी-३ मधला नॉर्मली ओपन. करंट नाही तर पूर्ण उघडा, पंप पूर्ण डिलिव्हरी देणार. करंट वाढवला की बंद होत जातो. त्यामुळे त्याची वायर तुटली किंवा कपलर ढिला झाला तर प्रेशर थेट वर जातं. कॉइलचा रेझिस्टन्स थंड असताना साधारण ३ ओहम. मीटरच्या पिनांचाच ०.३-०.४ असतो, तो वजा करायला विसरू नका. वायर तुटलेली असेल तर एसपीएन ६३३ एफएमआय ५ सारखा सर्किटचा कोडही सोबत येतो. तो नसेल तर वायर बहुधा ठीक. पण पंपाजवळच्या ब्रॅकेटवर वायरिंग घासलेलं असतं तिथे इंजिन चालू असताना हार्नेस हलवून बघा.

सावध: काही डेन्सो पंपांवर नॉर्मली क्लोज्ड व्हॉल्व्हही येतो, तिथे कपलर काढला की इंजिन बंद पडतं. 'कपलर काढला तर प्रेशर वाढलं पाहिजे' ही टेस्ट पंप ओळखूनच करा. आणि सीपी-३ वर केलीत तर दोन-चार सेकंदच. रिलीफ व्हॉल्व्ह उगाच उघडून त्याची सीट खाऊ नका.

डिझेलभाऊ
व्हॉल्व्ह अडकतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. आतली पिस्टनची सरक इतकी बारीक असते की गंजाचा एक डाग पुरतो. वॉटर सेपरेटर रोज सकाळी सेल्फ मारायच्या आधी उघडायचा, रात्रभर पाणी तळाशी बसलेलं असतं. गाडी फिरून आल्यावर उघडून काही उपयोग नाही, सगळं ढवळलेलं असतं.

आणि एक. नवीन मुख्य फिल्टर डबड्यातल्या डिझेलने भरून लावू नका. ओतलेलं डिझेल स्वच्छ बाजूला जातं, म्हणजे कचरा न गाळता थेट मीटरिंग व्हॉल्व्हवर. रिकामा लावा आणि हातपंपाने एअर काढा. हात दुखेल, दुखू द्या.

टिपर_दहाचाकी
फिल्टर भरूनच लावलेत. 😐

डिझेलभाऊ
९० टक्के गॅरेज हेच करतात. पुढच्या वेळी नका करू.

जुना_फिटर
इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी, रेल नाही) काळात स्कॅनर नव्हता, कान होते. नळी ढिली केली, ज्या सिलिंडरला आवाज बदलला नाही तो मिस. संपलं.

मल्टीमीटर
काका, आता नळी ढिली कराल तर कान राहतील, बोट जाईल.

लोडसेल
विनोद बाजूला ठेवून. कॉमन रेलवर चालू इंजिनात हाय प्रेशर नळी कधीही ढिली करायची नाही. १६०० बारचा डिझेलचा झोत कातडी भेदून आत जातो. बाहेरून टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही सुरुवातीला, आणि आतली मांसपेशी मरत जाते. असं झालं तर पट्टी बांधून कामाला लागू नका, लगेच सर्जनकडे, आणि 'हाय प्रेशर डिझेल आत गेलंय' हे स्वतः सांगा. गळती शोधायला हात नाही, पुठ्ठा फिरवा. पुठ्ठा ओला झाला की जागा कळली.

जुना_फिटर
मान्य. इनलाइनवाल्यांनी इथे हात घालू नये हेच म्हणतो. मात्र बीएस-४ च्या काळात काही जड गाड्या इनलाइन पंपावरच चालल्या, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणारी सोय) लावून. त्यांना रेलच नव्हती, हा कोडही नव्हता. सुखी माणसं.

पाना_चौदा
आता उताराकडे. हा भाग कळला की निम्मी उत्तरं आपोआप मिळतात, म्हणून जरा सविस्तर.

रेस सोडली की इंजेक्टर डिझेल टाकणं बंद करतात. रेलमधून बाहेर जायला वाट नाही, इंजेक्टरची बारीक गळती सोडून. पण गाडी उतारावर इंजिनला ढकलतेय, आरपीएम १८००-२०००. म्हणजे पंप जोरात फिरतोय. ईसीयू मीटरिंग व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायला सांगतो. पण तो व्हॉल्व्ह नळाच्या वॉशरसारखा घट्ट बसत नाही, बंद असतानाही थोडं झिरपतं. त्या झिरपलेल्या डिझेलसाठी पंपात एक बारीक भोक ठेवलेलं असतं, झिरो डिलिव्हरी ऑरिफिस. झिरप तिथून निघून जाते आणि पंपाच्या एलिमेंटपर्यंत (डिझेल दाबणाऱ्या पिस्टनपर्यंत) पोचत नाही.

आता समजा पंपाची रिटर्न लाइन कुठेतरी दबली आहे. पंपाच्या आत मागचं प्रेशर वाढतं, झिरपीला निघायची वाट राहत नाही, ती एलिमेंटचे इनलेट व्हॉल्व्ह ढकलून आत जाते आणि प्रत्येक फेऱ्याला थोडं थोडं रेलमध्ये चढतं. इंजेक्टर घेत नाहीत, पंप देत राहतो. दोन-तीन सेकंदांत प्रेशर छतावर.

चढावर हेच होत नाही, कारण तिथे इंजेक्टर भरपूर डिझेल ओढत असतात. जे चढेल ते खर्च होतं. शिवाय रिटर्नला कमी जातं.

म्हणून उतारावरचा हाय प्रेशर कोड आला की माझा क्रम असा: रिटर्न, मग मीटरिंग व्हॉल्व्ह, मग हवा, आणि पंप सगळ्यात शेवटी.

सूक्ष्म_मापी
@पाना_चौदा, मी व्हॉल्व्ह पहिला ठेवेन. अडकलेला व्हॉल्व्ह याहून जास्त वेळा सापडतो.

पाना_चौदा
अडकलेला व्हॉल्व्ह सगळीकडे त्रास देतो हो. आयडलवर प्रेशर वरखाली नाचतं, आरपीएम हलतो, कोड कुठेही येतो. इथे ठरलेल्या जागी येतोय. आणि रिटर्न तपासायला एक पाइप आणि एक कॅन लागतो, व्हॉल्व्ह तपासायला नवा व्हॉल्व्ह.

सूक्ष्म_मापी
कॅनचा मुद्दा मान्य. खिशाला परवडणारी टेस्ट आधी.

रबरी_नळी
हवेचंही बघा. टाकी ते पंप या ओढीच्या लाइनमध्ये बारीक छिद्र असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. हवेचा बुडबुडा पंपात आला की प्रेशर पडतं, ईसीयू व्हॉल्व्ह उघडतो, बुडबुडा संपतो आणि घट्ट डिझेल आलं की प्रेशर उसळतं. लोकांना वाटतं हवेमुळे फक्त लो प्रेशर कोड येतो. तसं नाही. फिल्टरच्या आधी फूटभर पारदर्शक डिझेल पाइप जोडा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीचे बुडबुडे सोडा, पाच मिनिटांनीही धार सलग दिसली नाही तर सांधे, टाकीतला ओढनळीचा दांडा, हातपंपाची रबरी टोपी तपासा.

चिपवाला_नाही
कुणी प्रेशर बॉक्स तर लावला नाही ना? तो सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला दाखवतो, ईसीयू खरं प्रेशर वाढवतो. मजा म्हणजे तेव्हा स्कॅनरवर प्रेशर कधीच जास्त दिसत नाही. रिलीफ उघडतो आणि एकदम खाली पडल्याचा कोड येतो. सेन्सर आणि कपलरच्या मध्ये काही डबी दिसली तर आधी ती काढा, मग इथे विचारा.

टिपर_दहाचाकी
डबी नाही. सांगितलं तसं मोजलं:

चावी ऑन, इंजिन बंद, वीस मिनिटांनी: सिग्नल ०.५१ व्होल्ट, स्कॅनरवर ४ बार. ग्राउंड ०.०२. मीटरिंग व्हॉल्व्ह ३.१ ओहम (मीटरचे वजा करून). पारदर्शक पाइपमध्ये बुडबुडे नाहीत.

घाटात स्कॅनरवर रेकॉर्ड केलं. रेस सोडल्यावर मागितलेलं प्रेशर ५०० बार, खरं ६१०, मग ८४०, ११८०, मग १६०० च्या पुढे आणि धाडकन ७५० वर. या सगळ्या वेळात व्हॉल्व्हचा करंट वरच्या टोकाला चिकटलेला.

लोडसेल
करंट वरच्या टोकाला म्हणजे ईसीयू ओरडतोय 'बंद कर', तरी रेल भरतेय. सेन्सर आणि वायरिंग सुटले. उरले रिटर्न आणि व्हॉल्व्ह. ७५० वर येऊन थांबणं हे रिलीफचंच.

पाना_चौदा
आता कॅन टेस्ट. घाटात करायची नाही, गाडी उभी, चाकांना ओट (अडसर) लावून.

आधी जसं आहे तसं: न्यूट्रलमध्ये २२०० आरपीएमपर्यंत रेस द्या, एकदम सोडा. स्कॅनरवर मागितलेलं आणि खरं दोन्ही एका आलेखावर लावून किती सेकंद खरं वर राहतं ते बघा. मग इंजिन बंद, पंपाच्या रिटर्नचा बँजो (नळी जोडणारा पोकळ बोल्टचा सांधा) सोडा, टाकीकडे जाणारं टोक टोपी लावून बंद करा. पंपावर बँजोला आखूड, जाड पाइप लावून २० लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये सोडा. बँजोचे कॉपर वॉशर दोन्ही नवे. पुन्हा तीच रेस. कॅन भरत आला की बंद. कॅनमधलं डिझेल टाकीत परत टाकायचं असेल तर गाळून.

कॅनवर ठीक आणि टाकीवर खराब असेल तर पंप निर्दोष.

टिपर_दहाचाकी
टाकीवर: रेस सोडल्यावर मागितलेलं ४५०, खरं ९०० च्या वर चार सेकंद रेंगाळतं.
कॅनवर: एका सेकंदात ४८० वर.

तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच.

सूक्ष्म_मापी
पाना_चौदांना माझ्याकडून चहा. मी व्हॉल्व्हचे पैसे घालवले असते.

रबरी_नळी
आता लाइन टप्प्याटप्प्याने सोडा. पंपापासून सुरू करून एकेक जोड उघडा आणि तिथून कॅनमध्ये. ज्या जोडावर पहिल्यांदा बिघडलं तो आणि त्याच्या आधीचा जोड यांच्या मधल्या तुकड्यात दोष. चेसिसला जिथे क्लॅम्प आहे तिथे दाबलेली नळी, टाकीच्या तोंडाशी वाकलेला पाइप, आणि रिटर्नमध्ये कुणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घातला असेल तर तो. बाहेरून बघून फसू नका. रबराचा पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो.

टिपर_दहाचाकी
सापडलं. चेसिसच्या लोखंडी नळीपासून टाकीपर्यंतचा दीडेक फुटाचा रबरी तुकडा. बाहेरून काळा कुळकुळीत, नवा. कापला तर आतलं रबर फुगून मधोमध आलेलं, जेमतेम आगपेटीची काडी जाईल एवढं भोक. दाबलं की मऊ, पावासारखं. वर छापलंय 'हीटर होज'.

रबरी_नळी
म्हणजे पाण्याचा पाइप. ते बहुतेक ईपीडीएम रबर असतं. पाणी आणि कूलंटला उत्तम, डिझेल लागलं की फुगतं. पहिले काही आठवडे ठीक चालतं, मग आतून वाढत जातं, म्हणून दोष हळूहळू सुरू होतो. नायट्राईलचा, डिझेलसाठीचा म्हणून विकला जाणारा पाइप घ्या, आतला व्यास पंपावरच्या मूळ पाइपइतका, कमी नाही. जुबली क्लिप इतकी आवळू नका की रबर कापलं जाईल.

घाटमाथा
दीड फुटाच्या नळीसाठी सहा जणांनी डोकं लावलं. पंप उतरवला असता तर पंपवाल्याचं घर बांधून झालं असतं.

लोडसेल
थांबा, संपलं नाही. रिलीफ व्हॉल्व्ह किती वेळा उघडला कोण जाणे. प्रत्येक वेळी त्याची सीट थोडी खाल्ली जाते. काही ईसीयू उघडण्याची मोजणी ठेवतात, स्कॅनरमध्ये बघा. एकदा गळायला लागला की पुढचा कोड लो प्रेशरचा येईल आणि लोक इंजेक्टर बदलायला धावतील. मी तर बदलून टाकावा म्हणतो.

सूक्ष्म_मापी
न तपासता का बदलायचा? रिलीफ व्हॉल्व्हची रिटर्न नळी सोडा, तोंडाशी स्वच्छ बाटली लावा, आयडलवर दोन मिनिटं. रिलीफ बंद असताना तिथून काहीच यायला नको. कोरडा असेल तर राहू द्या.

लोडसेल
आयडलवर कोरडा आणि १४०० बारला गळणारा असू शकतो. रेस देऊनही बघा.

टिपर_दहाचाकी
नवा पाइप लावला. घाटात दोन वेळा उतरलो, खरं प्रेशर मागितलेल्याच्या ३०-४० बारच्या आतच. कोड नाही. रिलीफची नळी सोडून पाहिली: आयडलवर दोन मिनिटांत तीन थेंब, रेस दिली की बारीक धार. नवा रिलीफ व्हॉल्व्ह मागवलाय.

लोडसेल
डब्यातून काढून टेबलावर ठेवू नका. रेल सुकवून, आजूबाजूला हवा मारून, जुना काढला की लगेच नवा. नव्याची टोपी तो बसवायच्या क्षणीच काढायची. टॉर्क रेंच वापरा, आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातला, दुसऱ्या गाडीचा नाही.

टिपर_दहाचाकी
पुस्तक आहे. टॉर्क रेंच शेजारच्या गॅरेजचा.

मल्टीमीटर
परत द्यायच्या आधी तो बरोबर आहे का तेही विचारा.